माणिकरावांचा पिवळा कोबा

शहरात ज्याला ड्राइव्हवे म्हणतात त्याला आमच्या हिंगोलीकडं धड एक नाव नाही. गेटपासून ओट्यापर्यंतची जी जागा, तिला कोणी अंगण म्हणतं, कोणी पार्किंग म्हणतं आणि बहुतेक जण नुसतं "समोरचं" म्हणतात. "मिस्त्री, समोरचं बघून जा जरा." एवढ्या एका वाक्यावर माझं आयुष्य गेलं. लोक घरात काय टाकायचं ते बायकोला विचारतात आणि समोरचं काय करायचं ते मला. आतलं घरच्यांना दिसतं, समोरचं गावाला दिसतं, म्हणून समोरच्याची काळजी जास्त.

मी कळमनुरीचा. आता गुडघे बोलायला लागल्यापासून काम बंद आहे, पण तोंड चालू आहे, म्हणून हे लिहितो.

जुन्या कोब्यापुढं मालक उभा राहिला की एकच प्रश्न विचारतो, "धुवायचं का फोडायचं?" कोबा म्हणजे सिमेंट-खडीचा ठोकून गुळगुळीत केलेला थर, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं. प्रश्न सोपा वाटतो, पण विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. शेजाऱ्यानं फोडलं असेल तर ह्याला फोडायचं असतं. मी मात्र माझ्या पद्धतीनं जायचो. हातोडीच्या दांड्यानं सगळीकडं ठोकायचं. भरीव आवाज आला तर खाली सगळं शाबूत आहे. ढबढब आवाज आला तर खालून पोकळ झालंय, ते फोडा. मग बादलीभर पाणी ओतायचं. पाणी गेटकडं गेलं तर बरं, घराकडं आलं तर फोडा. मग चिरा बघायच्या. आमच्याकडं काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. ती काढून खाली मुरूम भरला नसेल तर वर सोनं अंथरलं तरी ते हलणार. केसासारखी चीर असली तर असू द्या, म्हातारपणी सगळ्यांनाच सुरकुत्या पडतात. चिरेची एक बाजू वर आणि एक खाली झाली असेल तर मात्र फोडा. एवढंच आमचं शास्त्र. बाकी डाग, शेवाळ, गाडीचं ऑईल ह्या धुवायच्या गोष्टी आहेत, त्यासाठी मिस्त्री लागत नाही, खराटा लागतो.

पण ऐकतं कोण? नरसीला एका प्रसादाच्या दुकानदारानं माझा चांगला खरबरीत कोबा फोडून चकचकीत टाइल बसवून घेतली, दुसऱ्या मिस्त्रीकडून. आषाढात दुकानापुढं ओल झाली आणि गिऱ्हाईक पायरीवरून थेट गल्ल्यापर्यंत घसरत यायला लागलं. "मिस्त्री, गिऱ्हाईक वाढलं म्हणावं का?" असं त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "वाढलं न्हाई, वाहून येऊन राहिलं." शेवटी त्यानं टाइलवर पोती अंथरली. आता पोत्यांवरून लोक अडखळतात.

असे बरेच झाले. पण कोब्यापायी घरातली पोरगी, बाप, मिस्त्री आणि होणारे पाहुणे असे सगळे एकाच सकाळी रंगलेले मी एकदाच पाहिले. ते डोंगरकडा गावच्या माणिकरावांच्या दारात.

माणिकराव हळदीचा शेतकरी. घर रस्त्याला लागून, आणि समोर मी स्वतः टाकलेला कोबा. खाली हातभर मुरूम, वर ठोकून ठोकून केलेलं काम. स्वतःच्या तोंडानं सांगतो, तालुक्यात तसा दुसरा दाखवा. पण माणिकरावांनी त्याच्यावर पत्र्याचं शेड ठोकलं आणि खाली हळदीचा ड्रम बसवला. हळद शिजवून वाळवली की ती ओबडधोबड दिसते, म्हणून जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. साल घासून निघते आणि हळद बाजारात न्यायजोगी होते. निघालेली भुकटी जाळीतून खाली पडते. वर्षानुवर्षं ती माझ्या कोब्यावर पडत गेली आणि पायांनी चेचली गेली. वर पत्रा, त्यामुळं ना ऊन ना पाऊस. कोबा असा पिवळा झाला की मीच टाकलेला असून मला ओळखू येईना.

ह्यात वाईट काही नव्हतं. त्या घरातल्या सगळ्यांचे तळवे पिवळे, कुत्र्याचं पोट पिवळं, कोणाला काही तकलीफ नव्हती. तकलीफ झाली ती रेणुकाच्या लग्नाच्या वेळी.

रेणुका त्यांची एकुलती एक लेक. नांदेडला नर्सिंग शिकलेली, कळमनुरीत एका दवाखान्यात नोकरीला. तोंडानं फटकळ आणि हातानं हलकी. माझ्या गुडघ्यात सुई तीच देते, कळत पण नाही. तिला पाहायला पहिलं स्थळ आलं होतं तेव्हा मुलाचे मामा पांढरीशुभ्र पॅन्ट घालून आले आणि ओट्याच्या पायरीवर टेकले. उठले तेव्हा मागून सगळे पिवळे. त्यांना पुढून काही दिसेना आणि मागून सांगायची कोणाची हिंमत होईना. तसेच ते आख्ख्या गावातून गाडीपर्यंत चालत गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

"पत्रिका न्हाई रे मिस्त्री," माणिकराव मला म्हणाले, "पॅन्ट जुळली न्हाई." हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. त्या बापाच्या मनानं घेतलं की आपल्या दारामुळं पोरीचं मोडलं.

आता हिंगोलीचं दुसरं स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत, आई निवृत्त शिक्षिका. रेणुका आणि तो मुलगा फोनवर बोललेले होते आणि मामला दोघांच्या बाजूनं बरा होता, हे मला रेणुकाच्या आईनं, गयाबाई वहिनीनं, चहा देता देता हळूच सांगितलं. पाहुणे रविवारी येणार होते. माणिकरावांनी ड्रम शेतात नेऊन टाकला आणि मला बोलावणं धाडलं.

"मिस्त्री, धुवायचं का फोडायचं?"

मी सगळीकडं ठोकून पाहिलं. टणटणीत. पाणी ओतलं, तर शहाण्या लेकरासारखं गेटकडं गेलं. चिरा म्हणाल तर दोन, केसाएवढ्या.

मी म्हणालो, "दोन्ही न्हाई. फोडायचं कारण न्हाई. अन धुऊन हळद निघत न्हाई, ती सिमेंटात मुरलीय. पत्रा काढा. हळदीचा रंग उन्हाला टिकत न्हाई. एक उन्हाळा पडू द्या, आपोआप उडून जाईल."

"रविवारी पाहुणे येऊन राहिले, अन तू मला उन्हाळा सांगून राहिला?"

"मग मी काय सूर्याला फोन लावू?"

"फोडून गट्टू बसव." गट्टू म्हणजे ते सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. आमच्याकडं हल्ली ज्याच्या दारात गट्टू नाहीत तो माणूस मागासलेला.

आता खरं सांगतो, माझं डोकं तिथं फिरलं. भरीव कोबा, माझ्या हातचा, त्याला घण लावायचा तो एका मामाच्या पॅन्टीसाठी? मी सांगितलं की रविवारपर्यंत फोडणं होईल, बसवणं होणार नाही. पाहुणे मुरमाच्या ढिगावरून उड्या मारत येतील. माणिकराव ऐकेनात. रेणुका दवाखान्यातून आली होती, ती दारातून ओरडली, "आबा, पाहुणे मला बघायला येऊन राहिले का फरशी बघायला?"

"तू गप बस. मागच्या वेळेस बघितलं न्हाई का?"

"मागच्या वेळेस बरं झालं. ज्याला पिवळ्या पॅन्टीची लाज वाटते त्याच्या घरी मी काहून जाऊ?"

बाप-लेकीचं पेटलं. मधे मी. शेवटी माणिकराव माझ्यावर उलटले, "तुला तुझा कोबा प्यारा हाय, माझ्या पोरीचं काही न्हाई." हे मला लागलं. ती पोरगी मी रांगताना पाहिलेली, ह्याच कोब्यावर. मी पिशवी उचलली आणि जाता जाता तावातावानं बोलून गेलो, "एवढी घाई असंल तर फासा चुना अन व्हा मोकळे!"

बोलून गेलो आणि गाडीला किक मारली.

रविवारी सकाळी मी अजून दात घासत होतो तेव्हा गयाबाई वहिनींचा फोन आला. "भाऊजी, असाल तसे या. दारात खून झाल्यावानी दिसून राहिलं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे चूळ गिळली गेली. डोंगरकड्यापर्यंत गाडी कशी चालवली मला आठवत नाही. गेटपाशी पोचलो आणि कपाळाला हात लावला. माझा कोबा, इकडून तिकडून, लालभडक! आणि मधोमध माणिकराव, हातात कुंचला, कोपरापर्यंत लाल, तोंडावर लाल शिंतोडे. त्या माणसानं माझं ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं, आणि ते हे ऐकलं. भिंतीला चुना मारला की भिंत पांढरी होते, तर भुईला मारला की भुई पांढरी होईल, असा हिशेब करून त्यांनी पहाटेपासून कोब्याला चुना फासला होता.

हळदीला चुना!

आता वाचकहो, आमच्याकडं पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावतात, तो लाल होतो हे शेंबड्या पोराला माहीत आहे. नवरा-नवरीवरून ओवाळून टाकायचं लाल पाणी हळद-चुन्याचंच. आणि ह्या माणसानं जन्मभर हळद पिकवली, शिजवली, घोळली, विकली!

"अहो माणिकराव, हळदीला चुना लावला की काय व्हतं, माहीत न्हाई का तुमाला?"

"माहीत हाय."

"मग?"

"ध्यानात आलं न्हाई." एवढंच म्हणून ते बादलीजवळ मटकन बसले. "पोरीचं स्थळ गेलं रे मिस्त्री. ह्या वेळेस मी सोताच्या हातानं घालवलं."

मला हसू येत होतं ते तिथंच विरलं. रेणुका आतून आली, साडी नेसून तयार. तिनं बापाकडं पाहिलं, कोब्याकडं पाहिलं. मला वाटलं आता फटाका फुटणार. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आई, ताक आण. चिंच भिजव. घरातली सगळी लिंबं आण. आंबट लागलं की लाल जातं."

"मग पांढरं व्हईल का?" माणिकरावांनी आशेनं विचारलं.

"न्हाई आबा. परत पिवळं व्हईल."

आता पिवळं तर पिवळं. खुनापेक्षा हळद बरी. गयाबाई वहिनींनी पाहुण्यांच्या मठ्ठ्यासाठी घुसळलेलं ताक घागरीनं बाहेर आणलं. मी चिंचेचं पाणी ओतत होतो, माणिकराव खराट्यानं घासत होते, रेणुका लिंबं पिळत होती. खरंच रंग फिरायला लागला. पण सगळीकडं सारखा नाही. कुठं पिवळा, कुठं लाल, कुठं नारिंगी. वर ताकाचे पांढरे ओघळ. शेजारचं मांजर येऊन ते चाटायला लागलं. आणि आम्ही निम्म्यावर आलो असू-नसू, तेवढ्यात गेटपाशी गाडी थांबली.

पाहुणे वेळेवर आले. आमच्या जिल्ह्यात पाहुणे वेळेवर येत नाहीत, पण शिक्षिकाबाई होत्या ना.

बाई उतरल्या. कोब्याकडं पाहत गेटातच उभ्या राहिल्या. मी खाली पडलेला कुंचला उचलून पाठीमागं लपवला. माणिकराव हात जोडून उभे, तर ते हातही लाल. बाईंनी चष्मा नीट केला, वाकून पाहिलं, आणि "अगं बाई!" म्हणून दोन्ही चपला काढून बाजूला ठेवल्या.

"काढा रे सगळ्यांनी पायातलं," त्यांनी मागच्यांना सांगितलं. "केवढं हळदी-कुंकू घातलंय आपल्यासाठी! गेटपासून दारापर्यंत! अहो, असं स्वागत मी कुठं पाहिलं न्हाई."

काका, काकू, आत्या, सगळे पटापट चपला काढायला लागले. एकटा मुलगा राहिला. त्याच्या पायात नवेकोरे पांढरे बूट होते, नाड्यांची गाठ सुटेना, आणि तो एका पायावर तोल सावरता सावरता थेट लाल झालेल्या ताकात उतरला.

मी माणिकरावांकडं पाहिलं. देवानं वाट काढून दिली होती. नुसतं "या, या" म्हणायचं आणि गप्प राहायचं. माझ्या डोळ्यांनी मी त्यांना तेच सांगत होतो. माणिकरावांनी तोंड उघडलं सुद्धा, "या, या..."

"काकू, चपला घाला," दारातून रेणुकाचा आवाज आला. "ते कुंकू न्हाई."

गेलं, म्हटलं मी मनात. गेलं स्थळ.

"आमच्या दारात हळदीचा ड्रम असायचा," रेणुका पुढं येऊन सांगत होती, हातात अर्धं लिंबू तसंच. "कोबा पिवळा झालाय. तुमाला तो दिसू नये म्हणून आबांनी चुना लावला, त्याचं हे असं झालं. मागच्या पाहुण्यांनी पिवळ्या दारापायी नकार दिला असं त्यांच्या मनात बसलंय. कुंकू म्हणून तुमी पाय ठेवाल, अन उद्या कळलं तर म्हणाल फसवलं. म्हणून सांगितलं."

मांजर तेवढं ताक चाटत होतं. बाईंनी एक पाय उचलून तळवा पाहिला. लाल. दुसरा पाहिला. पिवळा.

"म्हणजे हे सगळं आमच्यासाठीच केलं की," त्या म्हणाल्या.

"व्हय," माणिकराव कसेबसे बोलले.

"मग कुंकू काय अन चुना काय?" आणि त्या हसायला लागल्या. शाळेत जन्म गेलेल्या बाईचं हसू, वर्गाबाहेर ऐकू जाईल असं. "अहो, माझे वडील वसमतच्या बाजारात हळदीचेच व्यापारी. मी लहानपणी पिवळीच फिरायचे. आणि पिवळं झाकायला चुना लावणारा माणूस मी पहिल्यांदा बघून राहिले!"

मुलगा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "माझे बूट..."

"लिंबू चोळा," रेणुका म्हणाली, "पिवळे व्हतील." आणि हातातलं अर्धं लिंबू तिनं त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं. ठरलं. नंतर आत बसून कांदेपोहे झाले, पत्रिका पाहिली, पण ठरलं ते लिंबावर.

चपला बाईंनी घातल्याच नाहीत. नवी सून लाल पावलं उमटवत सासरी जाते. इथं सासूच लाल पावलं उमटवत सुनेच्या माहेरात शिरली. गयाबाई वहिनींनी ती पावलं पुसू दिली नाहीत. मठ्ठा तेवढा कोणाला मिळाला नाही.

लग्न झालं. मांडवासाठी पत्र्याचं शेड उतरवलं ते परत चढवलं नाही. मग आमच्याकडचा उन्हाळा पडला, आणि मी सांगितलं होतं तसंच झालं. आधी लाल गेलं, मग पिवळं गेलं, पावसानं उरलंसुरलं धुऊन नेलं. कोबा असा स्वच्छ करडा निघाला की मी नवा टाकला होता त्या दिवशीचाच. मी मुद्दाम चार गिऱ्हाइकांना नेऊन दाखवला. म्हटलं बघा, न धुता न फोडता.

दिवाळीच्या आधी माणिकरावांचा फोन आला. "मिस्त्री, येऊन जा. समोरचं बघ."

मी हातोडी घेऊन गेलो. ठोकलं, भरीव. पाणी ओतलं, गेटकडं गेलं. "काही झालं न्हाई माणिकराव. माझ्यामाघारी पण टिकंल."

ते ओट्यावर बसले होते. वहिनी आत फराळाचं करत होत्या, पण घरात आवाज नव्हता. पूर्वी त्या घरात रेणुकाचा आवाज गेटापर्यंत यायचा.

"टिकंल रे. पण बघ ना कसं दिसतं." त्यांनी कोब्यावर नजर फिरवली. "रेणू येऊन राहिली दिवाळीला. लग्नानंतर पहिल्यांदा. तिला वाटंल, दुसऱ्याच्या दारात आलो." माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "परत पिवळं व्हईल का?"

मी हातोडी खाली ठेवली. जन्मभर लोकांनी मला धुवायचं का फोडायचं विचारलं. मळवून द्या, असं म्हणणारा हा पहिला. दुसरी वेळ असती तर मी चांगला झाडला असता.

"त्याला मिस्त्री काय करणार?" मी म्हणालो. "शेतातून ड्रम आणा."

भाव येईल म्हणून राखलेली थोडी हळद घरात होती. ड्रम आला, बसला, फिरला. पिवळी भुकटी माझ्या स्वच्छ कोब्यावर पडायला लागली आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. गयाबाई वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "आधी पुसायची घाई, आता माखायची घाई. मिस्त्री, तुमी दोघंबी दवाखान्यात दाखवा." आणि पदरानं डोळे पुसले. हळद डोळ्यात गेली म्हणाल्या.

धनत्रयोदशीला रेणुका आली तेव्हा मी तिथंच होतो. म्हणजे काम नव्हतं, पण होतो. गाडी गेटपाशी थांबली. ती उतरली, तिनं कोबा पाहिला. चपला गेटात काढल्या आणि सगळा कोबा पाय घासत घासत ओलांडून ओट्यापर्यंत आली. मग एक पाय वर करून पिवळा तळवा बापाला दाखवला.

मागं गेटपाशी जावई उभा होता. पायात तेच बूट, अजून थोडे पिवळट. ह्या वेळी त्यानं कोणी सांगायची वाट पाहिली नाही. खाली बसला, नाड्या नीट सोडल्या आणि बूट काखेत मारून अनवाणी आत आला.